घटप्रभा नदीच्या वाळूतले काळे कण मूळ कुठल्या खडकातले, हे कसं ओळखायचं?

लोहचुंबकापासून सुरुवात करा. स्पीकरमधलं जुनं चुंबक कागदात गुंडाळून सुक्या वाळूवरून फिरवा. कागदाला काळी लव चिकटेल, ती बहुतेक मॅग्नेटाइट, म्हणजे चुंबकाला चिकटणारं लोहखनिज. सह्याद्रीच्या बाजूचा काळा पाषाण म्हणजे सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा बसाल्ट. त्यात मॅग्नेटाइट आणि ऑजाइट हे गडद खनिज भरपूर, क्वार्ट्ज (गारगोटीचं खनिज) जवळपास नाहीच. म्हणून त्याच वाळूत पांढरे, काचेसारखे कण दिसले की ते दुसऱ्या खडकाचे समजा. गोकाकचा धबधबा ज्या कड्यावरून पडतो तो क्वार्ट्जाइट, म्हणजे क्वार्ट्जचाच बनलेला खडक, याच जातीचा.

पण एवढ्यावर निकाल देऊ नका! धारवाडी खडकांतही, म्हणजे बसाल्टहून कितीतरी जुन्या खडकांतही, मॅग्नेटाइट असतं. म्हणून प्रयोगशाळेत वाळू ब्रोमोफॉर्म या जड द्रवात टाकतात: क्वार्ट्ज तरंगतं, जड खनिजं तळाशी बसतात. त्यांत गार्नेट हे खनिज निघालं तर मूळ बहुधा शिस्ट किंवा नाइस या रूपांतरित खडकांमध्ये. मग रसायन. बसाल्टच्या गाळात टायटॅनियम, स्कँडियम जास्त. ग्रॅनाइट-नाइसच्या गाळात थोरियम, लँथेनम. झिरकॉन या टिकाऊ खनिजाच्या कणाचं तर त्यातल्या युरेनियम-शिशाच्या प्रमाणावरून वयच काढतात. ते 250 कोटी वर्षांच्या पुढे गेलं, तर तो कण मुळात बसाल्टमध्ये जन्मलेला नाही, एवढं नक्की.

आणि नमुना कुठून घेतला ते जरूर लिहून ठेवा. घटप्रभेवरच्या हिडकल धरणात वरून येणारी जाड वाळू अडते, त्यामुळे धरणाच्या वरचा आणि खालचा नमुना कधीही एकत्र करू नका.