मित्रासोबतचं चॅनेल आणि अडीच लाखांची मुदत ठेव

सांगली जिल्ह्यातल्या एका वाचकाचं पत्र आहे. पतसंस्थेत नोकरी, पगार 26 हजार. बालमित्रासोबत ते फोनवर विनोदी व्हिडिओ करून यूट्यूबवर टाकतात. जाहिरातींचे पैसे सुरू झाले आहेत, महिन्याला साधारण 1,200 रुपये. अडीच लाखांची मुदत ठेव मोडून कॅमेरा आणि लॅपटॉप घ्यावा का, असं त्यांनी विचारलंय. मित्र लिहितो, कामही करतो, पण त्याच्याकडे घालायला पैसे नाहीत.

ठेव मोडू नका. सात टक्के धरले तरी तिच्यावर वर्षाला 17,500 रुपये व्याज सुटतं. चॅनेलची वर्षाची मिळकत होते 14,400, आणि तीही दोघांत. शिवाय मुदतीआधी मोडली की व्याज कमी धरतात, वर बहुतेक ठिकाणी दंड कापतात. तुमच्या पत्रात दुसरी कुठलीच शिल्लक दिसत नाही, म्हणजे घरात कुणी आजारी पडलं तर हात याच पैशाला लागणार. यूट्यूबवर दिसणारी कमाईसुद्धा 100 डॉलर साठल्याशिवाय बँकेत येत नाही. तुमच्या सध्याच्या वेगानं त्याला सात-आठ महिने लागतात. तेव्हा त्या भरवशावर हप्त्यानंही काही उचलू नका.

तुमचे व्हिडिओ मी पाहिले. जामीनदार शोधत गावभर फिरणाऱ्या माणसाचा तर दोनदा पाहिला. त्याला लांबून येताना बघून पारावरची माणसं एकेक करून उठतात, ते फार छान जमलंय. चित्रात काही कमी वाटली नाही. पण ज्या वाक्यावर सगळा हशा, नेमक्या त्याच वेळी मागून मोटारसायकल गेली आणि ते वाक्य ऐकूच आलं नाही. म्हणजे गरज आहे ती कॉलरला लावायच्या दोन चांगल्या माइकची आणि एका लाइटची. वीस-पंचवीस हजारांत भागेल, तेही तीन-चार पगारांतून थोडे थोडे बाजूला काढून. मोठा कॅमेरा हवाच असेल त्या दिवशी लग्नाचं शूटिंग करणाऱ्याकडून भाड्यानं आणा.

मला खरी काळजी आहे ती वेगळ्याच गोष्टीची. तुमच्या दोघांत काहीच लिहिलेलं नाही. नफा वाटून घ्यायच्या बोलीवर दोघं मिळून धंदा करत असतील, तर 1932 च्या भागीदारी कायद्यानं ती भागीदारी ठरू शकते, कागद असो वा नसो. वेगळं काही ठरलेलं नसेल तर नफा समान आणि तोटाही समान. मग तुमच्या पैशांचा कॅमेरा तुमचा, की दोघांचा? आणि उलट बाजूही बघा. वेगळा करार नसेल तर लिखाणाचा पहिला हक्क लिहिणाऱ्याचा. उद्या मित्राला पुण्यात नोकरी लागली तर जामीनदाराची गोष्ट त्याच्यासोबत जाईल आणि तुमच्याकडे नुसता कॅमेरा उरेल. त्याच्याही बाजूनं हे तितकंच धोक्याचं आहे, कारण चॅनेल तुमच्या ईमेलवर आहे. तुम्ही पासवर्ड बदललात तर त्याची वर्षाची मेहनत गेली.

म्हणून आधी वकिलाकडून साधा करारनामा करून घ्या. सामान कुणाचं, लिखाणावर हक्क कुणाचा, वाटणी किती आणि कधी, एकानं सोडलं तर चॅनेलचं काय, एवढं त्यात हवंच. चॅनेलवर दोघांनाही मालक म्हणून जोडून घ्या, यूट्यूबच्या ‘ब्रँड अकाउंट’ या प्रकारात तशी सोय आहे. ‘मैत्रीत कागद कशाला’ असं घरचे म्हणतील. तरी करा.

पैसे तुमच्या नावावर येतात, म्हणून मित्राचा वाटा बँकेतूनच द्या, रोख नको. नाहीतर सगळं उत्पन्न तुमचंच धरलं जाऊ शकतं. गूगल अमेरिकेच्या कराची माहिती विचारतं, तो फॉर्म भरा. भरला तर तिथल्या मराठी प्रेक्षकांमुळे मिळालेल्या कमाईवर साधारण 15 टक्के कापतात. न भरल्यास जगभरच्या कमाईतून त्याहून जास्त जाऊ शकतात. सिनेमाच्या गाण्यांचे तुकडेही काढून टाका. नव्वद दिवसांत कॉपीराइटचे तीन स्ट्राइक, म्हणजे तक्रारीवरून यूट्यूब देतं ते इशारे, आले तर चॅनेल बंद होऊ शकतं.

आणि पतसंस्थेचे सेवानियम वाचून लेखी परवानगी मागा. तुमचा सगळ्यात जास्त चाललेला व्हिडिओ कर्जवसुलीवर आहे, तो संचालकांच्या फोनवर कधीतरी पोहोचणारच.

सलग वर्षभर तुमच्या एकट्याच्या वाट्याला महिन्याला पाच हजार येऊ लागले, की कॅमेऱ्याचा विचार करा. तेव्हाही आधी त्या कमाईतून, आणि कमी पडलं तर ठेव न मोडता तिच्यावर कर्ज घेऊन.