२०१० च्या मेक्सिको आखातातील तेलगळतीत ओबामा सरकार खरंच ढिलं पडलं होतं का?

सुरुवातीला हो. पण सगळं खापर त्यांच्यावर फोडता येणार नाही.

२० एप्रिलला ‘डीपवॉटर होरायझन’ या समुद्रातल्या तेलविहीर खोदणाऱ्या तराफ्यावर स्फोट होऊन ११ कामगार गेले. गळती आधी रोज १,००० पिंपं सांगितली, मग ५,०००. प्रत्यक्षात ती ५०,००० च्या वर होती. सरकारवरचा विश्वास उडाला तो इथे. त्यात जेमतेम तीन आठवड्यांपूर्वी ओबामांनीच समुद्रातलं उत्खनन वाढवायची घोषणा केलेली!

मात्र दीड किलोमीटर खोल पाण्याच्या तळाशी असलेल्या विहिरीला बूच मारायची यंत्रं सरकारकडे नव्हतीच, त्यामुळे विहिरीची मालक असलेल्या बीपी या ब्रिटिश तेल कंपनीवरच विसंबावं लागलं. शिवाय उत्खननाचे परवाने देणारं, महसूल गोळा करणारं आणि सुरक्षा तपासणारं खातं एकच. हा घोळ १९८२ पासूनचा, म्हणजे दोन्ही पक्षांच्या राजवटीतला. ते खातं मोडलं ओबामांनीच, पण स्फोटानंतर.

सिनेटपुढे बीपी, तराफ्याची मालक ट्रान्सओशन आणि विहिरीचं सिमेंटकाम करणारी हॅलिबर्टन या कंपन्या एकमेकांकडे बोट दाखवत राहिल्या. जूनमध्ये बीपीकडून २० अब्ज डॉलरचा भरपाई निधी कबूल करून घेतला, ही मात्र सरकारची जमेची बाजू. त्यावर रिपब्लिकन खासदार जो बार्टन यांनी चक्क बीपीचीच माफी मागितली. पक्षाने कान उपटल्यावर शब्द मागे घेतले.