नाणेछंद, तुमचे प्रश्न: झिजलेले चांदीचे डॉलर जमवू का?

प्रश्न: मी न्यू जर्सीत एडिसनला राहते. इथल्या एका नाण्यांच्या दुकानात टोपलीत मॉर्गन डॉलर, म्हणजे नक्षीकार मॉर्गनच्या नावाने ओळखले जाणारे अमेरिकेचे जुने चांदीचे डॉलर पडलेले असतात, हातोहात फिरून गुळगुळीत झालेले, आणि मला तेच आवडतात. असेच जमवून प्रत्येक सालाचा आणि टाकसाळीचा एकेक असा सेट करायचा विचार आहे. पण नाणीवाले ओळखीचे सगळे म्हणतात घ्यायचे तर कोरे, म्हणजे कधी न वापरलेले, सीलबंद डबीतले घे, झिजलेल्याला नुसता चांदीचा भाव येतो. काय करू?

उत्तर: ताई, बिनधास्त झिजलेलेच घ्या. चांदीच्या भावाचं म्हणणं साध्या सालांपुरतं खरं आहे, म्हणजे एका डॉलरमध्ये ०.७७३४ औंस शुद्ध चांदी असते, त्याला त्या दिवसाच्या भावाने गुणलं की तळाची किंमत कळते, १९२१ चा झिजलेला मॉर्गन त्याच्या आसपासच मिळतो आणि सुरुवातीला ते बरंच आहे. पण सगळ्या सालांना हा हिशोब लावला की गोंधळ होतो.

कारण हे डॉलर छापले भरपूर पण फिरले कमी. १८७८ च्या कायद्याने सरकारला दर महिन्याला चांदी विकत घेऊन डॉलर पाडावेच लागायचे, आणि अमेरिकेच्या पूर्वेकडचे लोक एवढं जड नाणं खिशात ठेवायला तयार नव्हते, ते त्याऐवजी सिल्व्हर सर्टिफिकेट, म्हणजे चांदीच्या बदल्यातल्या कागदी नोटा वापरायचे, त्यामुळे पोत्यांच्या पोती तिजोरीत पडून राहिली. पश्चिमेकडे मात्र लोकांना खणखणीत नाणंच हवं असायचं, नेवाडाच्या कसिनोंमध्ये तर १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत हे डॉलर टेबलावर चालत होते.

आता कार्सन सिटी टाकसाळीचा १८८४ चा डॉलर बघा, मागे गरुडाखाली सीसी अक्षरं असलेला. ११ लाख ३६ हजार पाडले आणि त्यातले साडेनऊ लाखांहून जास्त सरकारी तिजोरीतच कोरे राहिले, पुढे १९७० च्या दशकात सरकारने ते लोकांना विकले. म्हणजे कोरा सहज मिळतो, आणि खरोखर बाजारात फिरून झिजलेला शोधायला गेलात की दमछाक होते! त्याच सालचा सॅन फ्रान्सिस्कोचा, एस खुणेचा, बरोबर उलटा, ३२ लाख पाडले, ते फिरले, त्यामुळे झिजलेला परवडतो आणि कोऱ्याची किंमत ऐकून सामान्य माणूस गप्प बसतो. १९०१ चा फिलाडेल्फिया टाकसाळीचा पण तसाच. त्यामुळे झिजलेल्यांचा सेट ही कोऱ्या सेटची स्वस्त आवृत्ती नाहीये, तो वेगळाच शोध आहे, त्यातली अवघड नाणी वेगळी आणि सोपी वेगळी.

अजून एक गोष्ट आपल्या लोकांना माहीत असायलाच हवी. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानात लोक नोटा देऊन चांदीचे रुपये मागायला लागले आणि सरकारकडची चांदी संपत आली, तेव्हा १९१८ च्या पिटमन कायद्याखाली अमेरिकेने २७ कोटींवर डॉलर वितळवले आणि त्यातली बहुतेक चांदी ब्रिटिशांना हिंदुस्थानासाठी विकली. मुंबई आणि कलकत्त्याच्या टाकसाळीत तिचे रुपये झाले. म्हणजे आजीच्या डब्यातल्या १९१९ च्या राजाछाप रुपयात एखादा मॉर्गन डॉलर विरघळलेला असू शकतो, मला हे प्रत्येक वेळी सांगताना भारी वाटतं. आणि वितळवताना कुठल्या सालचे किती गेले याची नोंद ठेवली नाही, म्हणून नुसते छपाईचे आकडे बघून दुर्मिळ काय ते ठरवू नका.

निवडताना झीज सारखी हवी. नाण्यावरच्या लिबर्टी बाईच्या कानावरच्या केसांच्या बटा आणि गरुडाची छाती आधी सपाट होते, ते चालेल, पण तिच्या डोक्यावरच्या पट्टीवरचा लिबर्टी हा शब्द पूर्ण वाचता आला पाहिजे. चांगल्या नाण्यात गाल फिकट करडा दिसतो आणि अक्षरांच्या कडेला, ताऱ्यांच्या खाचांत काळसर थर बसलेला असतो, तो थर दिसला की समजायचं याला कोणी छेडलेलं नाही. सगळा सेट एकाच झिजेचा जमवा, एक कोरा आणि शेजारी एक झिजलेला असं चांगलं दिसत नाही. आणि मॉर्गनची यादी बघून धडकी भरली तर आधी पीस डॉलर, म्हणजे मॉर्गननंतर आलेले चांदीचे डॉलर करा, १९२१ ते १९३५, सगळे मिळून २४ नाणी, त्यात १९२८ चा फिलाडेल्फियाचा तेवढा महाग पडेल.

प्रश्न: भावाने अमेरिकेतून आणलेले डॉलर काळे पडलेत. आई म्हणते चिंच लावून देव घासतो तसे घासून काढ. चालेल का? (नाशिक)

उत्तर: अहो नको! चिंच, राख, टूथपेस्ट, सोडा, काहीही नको. घासलं की पृष्ठभागावर बारीक ओरखडे येतात आणि पांढरट खोटी चमक येते, ती जाणकाराला लांबून दिसते आणि मग नाण्याला खरंच फक्त चांदीचाच भाव राहतो. काकूंना सांगा देवांचं वेगळं, ह्यांचं वेगळं. फक्त कडेने धरा. रबरबँड आणि वर्तमानपत्र जवळ ठेवू नका, त्यातल्या गंधकाने चांदी अजून काळी पडते, मऊ पीव्हीसीची पाकिटं हिरवा चिकट थर सोडतात ती पण नको, मायलर नावाच्या प्लास्टिकची घ्या आणि पावसाळ्यात डब्यात सिलिका जेल टाका.

प्रश्न: ऑनलाइन १८९३ चा एस खुणेचा डॉलर अगदी स्वस्तात दिसतोय, घेऊ का? (ठाणे)

उत्तर: घेऊ नका. मॉर्गनमधलं हे सगळ्यात नावाजलेलं साल, फक्त १ लाख पाडलेले, झिजलेला सुद्धा हजारो डॉलरला जातो, तो स्वस्तात कोणी विकत नाही. फिलाडेल्फियाच्या नाण्यावर टाकसाळीची खूण नसते, त्यावर बाहेरून एस चिकटवायचा प्रकार जुना आहे. वजन २६.७३ ग्रॅम, व्यास ३८.१ मिलिमीटर, चुंबकाला चिकटता कामा नये, हे घरी बघता येतं (झिजलेलं थोडं हलकं भरणारच, पण २४-२५ ग्रॅम आलं तर सोडून द्या). पण एस चिकटवलेलं नाणं या सगळ्यात पास होतं कारण मूळ नाणं खरंच असतं. या सालाच्या अस्सल नाण्यावर लिबर्टीमधल्या टी च्या वरच्या भागात साच्याच्या ओरखड्याची बारीक उठावदार रेघ असते, भिंगातून दिसते, आणि तरी सुद्धा नाण्याचा अस्सलपणा आणि दर्जा तपासणाऱ्या नावाजलेल्या ग्रेडिंग कंपनीच्या सीलबंद डबीत नसेल तर हे एक साल मी सुटं घेणार नाही.