बाहुलीचा हात, बाहुलीचा आवाज

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

आधी आवाजाचं शिक्षण घेऊ की बाहुली चालवायला शिकू, असं तू विचारलंस. माझ्या मते हातापासून सुरुवात कर. बोलायची सवय तुला लहानपणापासून आहे, हात मात्र अजून कोरा आहे.

तोंड उघडणारी बाहुली हातात आली की नवशिके चारही बोटं वर उचलतात. मग डोकं मागे उलटतं आणि नजर छताला लागते. बोटं स्थिर ठेवून अंगठा खाली आण. माणूस बोलतो तेव्हाही खालचाच जबडा हलतो. अक्षर सुटताना तोंड उघडायला हवं. तेव्हाच ते मिटलं तर बाहुली शब्द चावते आहे असं वाटतं. प, ब, म आले की मात्र क्षणभर मिटायलाच हवं. हा सराव आरशासमोर कर. पुढे कॅमेऱ्यासमोर ही सवय थोडी मोडावी लागेल, कारण कॅमेऱ्याचं चित्र दाखवणाऱ्या मॉनिटरवर डावं-उजवं आरशासारखं दिसत नाही.

पण बोलणं त्या मानाने सोपं. बाहुली गप्प असताना काय करते, ते मी आधी बघतो. समोरचं पात्र बोलत असताना तिने ऐकायला हवं: नजर नेमकी त्याच्या डोळ्यांवर, श्वासाची मनगटातून बारीक हालचाल, उत्तर देण्याआधी अर्धा क्षण विचार. समोर नुसता फोम आणि कापड आहे हे ठाऊक असूनही प्रेक्षक तिला जिवंत मानतो, ते या अर्ध्या क्षणामुळे. आवाजही इथूनच सापडतो. तो आधी ठरवून तिच्यावर चिकटवू नकोस. ती कशी बघते, कशाला दचकते हे हाताला कळू दे. मग ती कशी बोलेल हे फार शोधावं लागत नाही.

अंगमेहनतीची कल्पना तुला आत्ताच असायला हवी. 'सेसमी स्ट्रीट' या लहान मुलांच्या अमेरिकन टीव्ही कार्यक्रमातला आठ फुटांहून उंच पक्षी, बिग बर्ड, बाहुली-कलावंत कॅरल स्पिनी १९६९ पासून आत शिरून साकारत होते. उजवा हात डोक्यावर सरळ ताणून पक्ष्याच्या डोक्यात, डावा हात पंखात, बाहेरचं काही दिसत नाही, छातीला बांधलेल्या छोट्या मॉनिटरवर बघत चालायचं आणि त्याच वेळी संवाद म्हणायचे. हात असा ताणला की बरगड्या ओढल्या जातात, श्वास तोकडा पडतो. म्हणून खांद्यांचा व्यायाम आणि श्वासाचा रियाज एकत्रच कर. २०१५ पासून स्पिनी फक्त आवाज देऊ लागले. हालचाल मॅट व्होगेल यांनी सांभाळली. २०१८ मध्ये स्पिनी निवृत्त झाले. एकाच पात्राचा जीव दोघांत वाटून घ्यायचा, तर किती बारकाईने ऐकावं लागत असेल!

तुला सुरुवातीला बहुधा उजव्या हाताचं काम मिळेल. मुख्य कलावंत बाहुलीचं डोकं आणि डावा हात चालवतो, उजवा हात दुसरं कुणीतरी. ते काम हलकं समजू नकोस. त्याला चिकटून उभं राहिल्यावर तो श्वास कुठे घेतो, कुठे थांबतो, हे तुझ्या अंगात उतरतं. कुठल्याही वर्गात हे मिळणार नाही.

गळ्याबद्दल थोडंच. ओरडण्या-किंचाळण्याचं रेकॉर्डिंग दिवसाच्या शेवटी ठेवायला सांग. घसा दुखला की थांब. कुजबुजणं म्हणजे विश्रांती नव्हे. करार पूर्ण वाच. तुझ्या आवाजावरून कृत्रिम आवाज तयार करायची मुभा त्यात मागितली असेल, तर जाणत्या माणसाला दाखवल्याशिवाय सही करू नकोस.

तुझ्या आवाजाचा नमुना पाठवशील तो दीड मिनिटापेक्षा मोठा नको, आणि सुरुवात तुझ्या नेहमीच्या बोलण्याच्या आवाजात कर. राक्षस, म्हातारी, उंदीर नंतर ऐकेन.