टी-३, टी-४ कमी पण टीएसएच नॉर्मल: कुपोषित मुलाला थायरॉइडची गोळी का देत नाहीत?

ताई, दोन वर्षांच्या भाच्याला तीव्र कुपोषणासाठी भरती केलंय, पायांवर सूज आहे, टी-३ आणि टी-४ ही थायरॉइडची दोन्ही हार्मोन्स कमी, टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं मेंदूकडचं हार्मोन) नॉर्मल, अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिनही कमी, २.१, आणि तरीही डॉक्टर थायरॉइडची गोळी सुरू करत नाहीत, अशी तुमची तक्रार आहे. लहान मुलांच्या वॉर्डात मी बरीच वर्षं काम केलंय. तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून तरी मला डॉक्टरांचं बरोबर वाटतं.

आधी अल्ब्युमिन बघा, कारण टी-४ चा आकडा त्याच्याशी बांधलेला आहे. रक्तातलं ९९.९ टक्क्यांहून जास्त टी-४ प्रथिनांना चिकटून फिरतं: मुख्यतः टीबीजी नावाचं ग्लोब्युलिन, मग ट्रान्सथायरेटिन आणि अल्ब्युमिन. तिन्ही यकृतात तयार होतात. पोटात अन्न नाही आणि अंगात जंतुसंसर्ग, अशा वेळी यकृत त्यांचं उत्पादन घटवतं. वाहून नेणारी प्रथिनंच कमी, म्हणून एकूण टी-४ कमी दिसतं. पेशींच्या कामाचं असतं ते मोकळं टी-४, म्हणजे फ्री टी-४, आणि ते अशा मुलांत बरेचदा नॉर्मलच्या आसपास असतं. रिपोर्टवर ‘टोटल’ लिहिलंय की ‘फ्री’, ते आधी बघा. अल्ब्युमिन फार खाली असेल तर फ्री टी-४ च्या काही चाचण्याही फसवतात.

टी-३ ची गोष्ट वेगळी आहे, ते खरोखरच कमी होतं. शरीरातलं बहुतेक टी-३ ग्रंथीत बनत नाही. यकृतासारख्या अवयवांत टी-४ मधला आयोडीनचा एक अणू काढून ते तयार होतं. उपासमारीत हे काम मंदावतं आणि टी-४ रिव्हर्स टी-३ कडे वळतं, ज्याचा जवळपास काहीच परिणाम होत नाही. (हे काम करणाऱ्या एन्झाइमला सेलेनियम लागतं, आणि कुपोषणात तेही अपुरं असू शकतं.) मिळकत आटली की घर खर्च आवरतं, तसं शरीर इथे ऊर्जा वाचवतं. मूल थंड पडतं, मलूल राहतं. अशात बाहेरून हार्मोन दिलं तर साठा नसताना खर्च वाढेल, स्नायूंची झीज होईल आणि आधीच अशक्त झालेल्या हृदयावर ताण येईल.

सूज आहे म्हणून अल्ब्युमिनची बाटली किंवा लघवी वाढवणारं औषध द्या, असा आग्रहही कृपा करून धरू नका. घरून प्रोटीन पावडरही नेऊ नका. सुरुवातीचं एफ-७५ दूध मुद्दामच हलकं असतं: १०० मिलीला ७५ कॅलरी आणि प्रथिनं जेमतेम १ ग्रॅम. यकृताला त्या वेळी त्याहून जास्त पेलवत नाही. भूक परतली, सूज ओसरू लागली की हळूहळू जास्त प्रथिनांचा आहार येतो. सूज उतरताना वजन आधी घटेल, त्याने घाबरू नका. अल्ब्युमिन रोज तपासायचाही हट्ट नको. त्याचं अर्धायुष्य, म्हणजे रक्तातलं निम्मं संपायला लागणारा काळ, सुमारे २० दिवसांचं, ते सावकाशच चढतं. ट्रान्सथायरेटिनचं अर्धायुष्य सुमारे २ दिवसांचं, पण संसर्गात तेही पडतं.

आता जिथे गाफील राहून चालणार नाही ते सांगते. टीएसएच स्पष्टपणे वाढलेलं असतं, तर मी हे उत्तर लिहिलं नसतं. पहिली तीन वर्षं मेंदूच्या वाढीला थायरॉइड हार्मोन लागतंच, त्यामुळे ग्रंथीचा खरा आजार सुटता कामा नये. जन्मानंतर थायरॉइडसाठी टाचेच्या रक्ताची तपासणी झाली होती का? बद्धकोष्ठ, मोठी जीभ, गळ्याला गाठ, किंवा वजनापेक्षाही उंचीच जास्त मागे पडलेली, असं काही आहे का? असेल तर आजच डॉक्टरांच्या कानावर घाला. आणि वजन नीट भरल्यावर फ्री टी-४ व टीएसएच पुन्हा करून घ्या. बरं होताना टीएसएच थोडं वर जाऊ शकतं, म्हणून घाईने करू नका. पण तेव्हाही फ्री टी-४ कमीच राहिलं, तर टीएसएच नॉर्मल असलं तरी मुलांच्या हार्मोनतज्ज्ञांना दाखवा.

रिपोर्टवर टोटल आहे की फ्री, तेवढं इथे कळवा.