डायलिसिसवर असलेल्या वडिलांना क्लिनिकल ट्रायलमध्ये घालावं का?

तुमचा प्रश्न असा, की वडील 64 वर्षांचे आहेत, दोन वर्षं आठवड्यातून दोनदा डायलिसिस चालू आहे, आता डॉक्टरांनी एका औषधाच्या ट्रायलबद्दल विचारलंय आणि घरचे म्हणतात, "आपल्या माणसावर प्रयोग कशाला?"

मी मिरजेत डायलिसिस टेक्निशियन आहे. डॉक्टर नाही, पण 16 वर्षं हेच काम करतोय. माझं मत विचाराल तर फॉर्म नीट वाचून, शंका विचारून हो म्हणायला हरकत नाही.

कारण सांगतो. आमच्या युनिटमध्ये दर थोड्या दिवसांनी कुणीतरी नातेवाईक तावातावाने येतो. "आईचं हिमोग्लोबिन आत्ता कुठे साडेअकरा झालं आणि तुम्ही रक्तवाढीचं इंजेक्शन बंद केलं? माझं 14 आहे, तिचं का नको?" त्यांचं चुकतं असं मी म्हणणार नाही, एकेकाळी बऱ्याच डॉक्टरांनाही तसंच वाटायचं. रक्त वाढलं की हृदयाला आराम मिळणार, हे कुणालाही पटेल. मग अमेरिकेत ते तपासून पाहिलं. हृदयाचा त्रास असलेले 1233 डायलिसिस पेशंट घेतले. अर्ध्यांचं हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातलं लाल पेशींचं टक्क्यातलं प्रमाण, 42 पर्यंत न्यायचं, म्हणजे हिमोग्लोबिन साधारण 14, आणि बाकीच्यांचं 30 वर ठेवायचं, म्हणजे साधारण 10. ती ट्रायल मधेच थांबवावी लागली. 1998 साली आकडे छापून आले. रक्त वाढवलेल्या गटात 183 जण गेले, दुसऱ्या गटात 150. एवढा फरक योगायोगानेही पडू शकतो, पण फायदा दिसेल ही आशा संपली होती. शिवाय डायलिसिसची सुई लावण्यासाठी ऑपरेशन करून केलेल्या फिस्टुला-ग्राफ्टमध्ये (जोडलेली शीर किंवा बसवलेली नळी) रक्ताची गुठळी होण्याचं प्रमाण रक्त वाढवलेल्या गटात 39 टक्के, तर दुसऱ्यात 29 टक्के होतं.

या शेवटच्या आकड्याचा अर्थ मला हाताने कळतो. सुई लावण्याआधी मी पेशंटच्या हातावर बोटं ठेवतो. मुठीत भुंगा धरावा तशी थरथर आतून लागते. एखाद्या सकाळी ती लागत नाही. मी बोटं थोडी वर सरकवतो, खाली सरकवतो, आणि पेशंट माझ्या हाताकडे न बघता माझ्या तोंडाकडे बघत असतो. त्याला कळलेलं असतं. मग मानेत कॅथेटर म्हणजे नळी, पुन्हा ऑपरेशन, पुन्हा खर्च. ते 1233 लोक ट्रायलमध्ये आले नसते, तर आज आम्ही सगळ्यांचं हिमोग्लोबिन 14 करत बसलो असतो, आणि चांगल्या मनाने करत असतो.

उलटंही झालंय. शिरेतून लोह जास्त दिलं तर इन्फेक्शन वाढेल अशी धास्ती होती. ब्रिटनमध्ये 2141 पेशंटवर ते तपासलं, 2019 मध्ये निकाल छापून आला. महिन्याला 400 मिलिग्रॅमच्या हिशोबाने आधीपासून लोह दिलेल्यांत, लोह कमी झाल्यावरच दिलेल्यांपेक्षा, मृत्यू आणि हृदयाचे गंभीर त्रास मिळून थोडे कमीच निघाले, इन्फेक्शन वाढलं नाही आणि महागडं रक्तवाढीचं इंजेक्शनही कमी लागलं. आपल्याकडे त्या इंजेक्शनसाठी लोक दागिने मोडतात, म्हणून मला हा निकाल फार मोलाचा वाटतो.

आणखी एक गोष्ट बाहेर फारशी कुणाला माहीत नसते. हृदयाच्या औषधांच्या मोठ्या ट्रायलमधून डायलिसिसचे पेशंट बहुतेक वेळा आधीच वगळलेले असतात. त्यामुळे इतरांना लागू पडलेलं औषध यांनाही लागू पडेल, असं धरून चालावं लागतं. स्पायरोनोलॅक्टोन ही हार्ट फेल्युअरची जुनी, स्वस्त गोळी. डायलिसिसवरच्या 2538 पेशंटवर, 12 देशांत ती तपासली. 2025 मध्ये निकाल आला, उपयोग नाही. ही ट्रायल वाया गेली असं मी मुळीच म्हणणार नाही. ज्यांच्या हातात रोज 12-15 गोळ्या असतात, त्यांच्या आणखी एका गोळीचा प्रश्न मिटला.

युरोपात 1360 पेशंटवर हिमोडायाफिल्ट्रेशनची, म्हणजे रक्त जास्त गाळणाऱ्या डायलिसिसच्या प्रकाराची, ट्रायल झाली. 2023 मध्ये निकाल आला तेव्हा त्या गटात 17.3 टक्के मृत्यू होते, नेहमीच्या डायलिसिसवर 21.9 टक्के. तुम्हाला कुणी ते महाग डायलिसिस सुचवलं, तर लक्षात ठेवा, ते लोक आठवड्यातून तीनदा बसत होते. तुमचे वडील दोनदा बसतात. आधी तिसऱ्या वेळेचं बघा.

आता तुमच्या फॉर्मकडे येतो. पूर्वी मी एका ठिकाणी काम करायचो, तिथे एका आजींना मशीनवर असतानाच सही मागितली होती. एका हातात दोन सुया, बीपी उतरलेलं, पायात गोळे आलेले, आणि समोर मराठीतला 20 पानी फॉर्म. आजी म्हणाल्या, "दे बाबा, कुठं करू?" मी तो फॉर्म काढून उशाखाली ठेवला आणि मुलगा आल्यावर त्याच्या हातात दिला. अशी सही घेऊ नये आणि तुम्ही देऊ नये. फॉर्म घरी न्या.

घरी वाचताना हे बघा, की आत्ता चालू असलेलं एखादं औषध बंद होणार आहे का. दर वेळी जादा रक्त किती मिली घेणार तेही विचारा, कारण यांचं रक्त आधीच कमी असतं. ते डायलिसिसच्या नळीतूनच घेतलं तर वेगळी सुई लागत नाही. किडनी बदलण्यासाठी नाव नोंदवलं असेल, तर ट्रायल चालू असताना किडनी मिळाली तर काय, हे नक्की विचारा. ट्रायल संपल्यावर औषध मिळत राहणार का, तेही. 2019 च्या नियमांप्रमाणे ट्रायलमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई द्यावी लागते. पेशंट कधीही बाहेर पडू शकतो आणि त्यामुळे त्याचं नेहमीचं डायलिसिस अडवता येत नाही. एथिक्स कमिटीचा, म्हणजे पेशंटच्या हितासाठी ट्रायल तपासणाऱ्या समितीचा, फोन नंबर फॉर्मवर असायला हवा. सीटीआरआय, म्हणजे भारतातल्या ट्रायलची सरकारी नोंदवही, तिथला नोंदणी क्रमांक मागून घ्या आणि वेबसाइटवर ट्रायल तपासा. क्रमांक द्यायला कुणी टाळाटाळ केली तर सही करू नका.

शिवाय ते नक्की काय मोजणार आहेत हेही विचारा. डायलिसिसच्या संशोधनात काय मोजावं, हे ठरवण्यासाठी पेशंट, नातेवाईक आणि डॉक्टर यांना एकत्र विचारण्याचं आंतरराष्ट्रीय काम झालंय. त्यात मृत्यू, हृदयविकार आणि फिस्टुलाच्या बरोबरीने थकवा आला. पेशंटनी तो वर आणला. मला त्याचं नवल वाटलं नाही. चार तासांनी मशीनवरून उतरणारा माणूस मला फॉस्फरसबद्दल विचारत नाही, "आज तरी घरी जाऊन जेवता येईल का?" असं विचारतो.

तुमच्या प्रश्नात घरच्यांचं मत आहे, डॉक्टरांचं आहे, पण वडिलांना स्वतःला काय वाटतं ते कुठेच नाही. त्यांनाच विचारा. डायलिसिसच्या दिवशी संध्याकाळी नको, तेव्हा ते कशालाही हो म्हणतील. दुसऱ्या दिवशी सकाळी, चहाच्या वेळी विचारा.