पेजफाइल बंद करू नका, ‘कमिटेड’चा आकडा बघा

ताई, तुमची अडचण मला समजली ती अशी. दुकानातल्या कॉम्प्युटरला ८ जीबी रॅम आहे, साधी हार्ड डिस्क आहे, विंडोज १० आहे. लग्नसराईत कोरलड्रॉ, फोटोशॉप आणि ब्राउझर एकदम उघडे असतात. मशीन रखडतं म्हणून एक व्हिडिओ बघून तुम्ही व्हर्च्युअल मेमरी पूर्ण बंद केलीत. दोन दिवस बरं चाललं. आता मात्र ‘मेमरी कमी आहे’ असं म्हणत पत्रिका सेव्ह व्हायच्या आत कोरल बंद पडतं, आणि टास्क मॅनेजरमध्ये तर दीड जीबी रॅम मोकळी दिसते.

पुढचं वाचायच्या आधी ती सेटिंग परत चालू करा. स्टार्टमध्ये ‘ॲडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्ज’ शोधा, परफॉर्मन्सखालचं ‘सेटिंग्ज’ दाबा, ‘ॲडव्हान्स्ड’ टॅबवर जा, व्हर्च्युअल मेमरीपुढचं ‘चेंज’ दाबा आणि सगळ्यात वरच्या ‘ऑटोमॅटिकली मॅनेज’च्या चौकटीत टिक करून मशीन रीस्टार्ट करा.

आता दीड जीबी मोकळी असताना प्रोग्रॅम का पडतो ते बघू. टास्क मॅनेजरच्या ‘परफॉर्मन्स’मध्ये ‘मेमरी’वर गेलात की खाली ‘कमिटेड’ लिहिलेलं दिसेल. तिथे तुमच्याकडे ७.६/७.८ असं काहीतरी असणार. पहिला आकडा म्हणजे विंडोजने सगळ्या प्रोग्रॅमना मिळून कबूल केलेली मेमरी, आणि दुसरा म्हणजे कबूल करायची मर्यादा. ही मर्यादा रॅम अधिक पेजफाइल अशी ठरते. पेजफाइल म्हणजे रॅममधलं काही डिस्कवर हलवून ठेवण्यासाठी सी ड्राइव्हवर असलेली पेजफाइल डॉट सिस नावाची लपलेली फाइल. व्हर्च्युअल मेमरी बंद करताना तुम्ही बंद केलीत ती हीच.

मंगल कार्यालयात दोनशे पानांची ऑर्डर दिली आणि पंगतीला दीडशेच माणसं बसली, तरी आचाऱ्याला दोनशेंची तयारी ठेवावीच लागते. फोटोशॉपसुद्धा असंच आधी भरपूर मागून ठेवतं आणि वापरतं त्यातलं थोडं. विंडोज जी मेमरी पुरवू शकणार नाही ती कबूलच करत नाही. पेजफाइल असली की न वापरलेल्या मागणीचा भार कागदोपत्री डिस्कवर टाकता येतो. ती काढली की प्रत्येक कबुलीमागे खरी रॅम राखून ठेवावी लागते. मर्यादा गाठली की पुढची मागणी नाकारली जाते, मग रॅम मोकळी का असेना. तुमचं कोरल नेमकं तिथेच पडतं.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. काही वर्षांपूर्वी एका छापखान्याच्या मशीनवर मी स्वतः पेजफाइल बंद केली होती. १६ जीबी रॅम होती, भरपूर वाटली. ऐन घाईच्या आठवड्यात रात्री साडेनऊला स्मरणिकेची मांडणी करताना प्रोग्रॅम बंद पडला आणि दुपारपासूनचं काम गेलं. ती मांडणी करणाऱ्या मुलाचा चेहरा मला अजून आठवतो. तेव्हापासून पेजफाइल बंद करायचा सल्ला मी कुणालाच दिलेला नाही.

पण मशीन रखडतं ही तुमची मूळ तक्रार खरीच आहे. रॅममधून काही वाचायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात. साध्या हार्ड डिस्कवर तेच आणायला काटा सरकून चकती फिरेपर्यंत दहाएक मिलिसेकंद जातात, म्हणजे जवळपास लाखपट वेळ. रॅम खरंच भरली की कोरलमधून फोटोशॉपमध्ये जाताना डिस्क कुरकुर आवाज करत राहते आणि टास्क मॅनेजरमध्ये डिस्क शंभर टक्क्यांवर अडकते. ‘रिसोर्स मॉनिटर’च्या मेमरी टॅबमध्ये ‘हार्ड फॉल्ट्स’चा रकाना बघा. हवं ते रॅममध्ये नसल्याने सेकंदाला किती वेळा डिस्कवरून आणावं लागलं, ते तो सांगतो. फाइल उघडताना तो वर जाणारच. पण नुसतं काम करतानाही सतत शेकड्यांत राहत असेल तर रॅम अपुरी आहे, आणि कुठल्याही सेटिंगने ती वाढणार नाही.

रॅम मोकळी करणारी सॉफ्टवेअर काढून टाका. ती चालू प्रोग्रॅमची पानं, म्हणजे मेमरीचे छोटे तुकडे, रॅममधून जबरदस्तीने बाहेर ढकलतात. मोकळ्या रॅमचा आकडा फुगतो, पण पुढच्याच क्लिकला तीच पानं परत आणावी लागतात, त्यातली काही थेट डिस्कवरून. ‘कॅश्ड’मध्ये दिसणारी मेमरी अडकलेली नसते, कुणी मागितली की विंडोज ती लगेच देतं.

रॅमच्या दीडपट पेजफाइल ठेवा हा नियम रॅम एमबीमध्ये मोजायची तेव्हाचा. तुम्हाला आकडा भरायची गरज नाही, फक्त सी ड्राइव्हवर १५-२० जीबी जागा मोकळी ठेवा. ड्राइव्ह काठोकाठ भरला असेल तर पेजफाइल वाढू शकत नाही आणि तोच त्रास परत होतो.

फोटोशॉपचं एक वेगळं बघा. त्याच्या प्रेफरन्सेसमध्ये ‘परफॉर्मन्स’खाली किती टक्के रॅम घ्यायची ते ठरवता येतं. सोबत कोरल चालू ठेवायचं असेल तर ते पन्नासच्या आसपास आणा. ‘स्क्रॅच डिस्क’ ही रॅम पुरली नाही की डिस्कवर तात्पुरतं काम ठेवायची फोटोशॉपची स्वतःची सोय आहे, पेजफाइलशी तिचा संबंध नाही.

पैसे घालायचे झाले तर माझ्या मते आधी एसएसडी, म्हणजे फिरत्या चकतीऐवजी चिपवर साठवणारी डिस्क, घ्या. साध्या सॅटा एसएसडीनेही डिस्कवरून पान आणायचा वेळ शंभराव्या हिश्शावर येतो, आणि विंडोज व पेजफाइल दोन्ही तिच्यावर गेले की जुनं मशीन ओळखू येत नाही. पेजफाइलने एसएसडी झिजते ही भीती सोडा. २००९ मध्ये विंडोज ७ च्या वेळी मायक्रोसॉफ्टच्या अभियंत्यांनी मोजून सांगितलं होतं की पेजफाइलवर एका लिहिण्यामागे साधारण चाळीस वाचणी होतात. एसएसडी झिजते ती लिहिण्याने.

त्यानंतर रॅम १६ जीबी करा. टास्क मॅनेजरमध्ये ‘स्लॉट्स यूज्ड’पुढे ‘१ ऑफ २’ असेल तर ८ जीबीची आणखी एक पट्टी बसेल. तुमची रॅम डीडीआर३ प्रकारची आहे की डीडीआर४ ते आधी बघून घ्या, दोन्हींची खाच वेगळ्या जागी असते आणि एकीच्या जागी दुसरी बसत नाही. तुमचं ग्राफिक्स मदरबोर्डवरचंच असेल तर एका पट्टीऐवजी दोन असण्याचा त्यालाही फायदा होतो, कारण ते हीच रॅम वापरतं.

रीस्टार्ट झाल्यावर नेहमीचे तिन्ही प्रोग्रॅम उघडा, एक मोठी पत्रिका घ्या आणि अर्ध्या तासाने कमिटेडचे दोन्ही आकडे, हार्ड फॉल्ट्स आणि स्लॉट्सची ओळ इथे लिहा. पट्टी आत्ताच घ्यायची की सीझन संपेपर्यंत थांबता येईल, ते त्यावरून सांगतो. तोवर दर दहा मिनिटांनी सेव्ह करत राहा.